साधनसुरक्षा (आत्महत्या प्रतिबंध)

साधनसुरक्षा म्हणजे आत्मघाताच्या संकटात सापडलेली व्यक्ती आणि तिच्या जिवाला अपाय करू शकणारे साधन यांच्यामध्ये काही काळापुरते अंतर निर्माण करणे होय. बंदूक घराबाहेर ठेवणे, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवणे, अतिविषारी कीटकनाशकांच्या विक्रीवर बंदी घालणे, उंच पुलांना जाळी बसवणे हे सर्व उपाय या एकाच तत्त्वात मोडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लिव्ह लाइफ’ या मार्गदर्शिकेत आत्महत्या प्रतिबंधाचे चार प्रमुख उपाय सांगितले असून त्यांत साधनांची उपलब्धता मर्यादित करण्याला पहिले स्थान दिले आहे. उरलेले तीन उपाय म्हणजे प्रसारमाध्यमांनी जबाबदारीने वार्तांकन करणे, किशोरवयीन मुलांना जीवनकौशल्ये शिकवणे आणि संकटातील व्यक्ती वेळीच ओळखून तिच्यावर उपचार व पाठपुरावा करणे. संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ७ लाख २० हजारांहून अधिक माणसे आत्महत्येने मरण पावतात.

या लेखात मुख्यतः बंदुकीच्या उपलब्धतेचा विचार केला आहे. हा प्रश्न सर्वांत तीव्र स्वरूपात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळतो आणि त्यावरील बहुतेक संशोधनही तेथेच झाले आहे. भारतात, विशेषतः महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, हेच तत्त्व कीटकनाशकांच्या संदर्भात लागू पडते.

तातडीची मदत

हा लेख वाचणाऱ्याच्या मनात याच वेळी जीव देण्याचे विचार येत असतील, तर पुढील मजकूर नंतरही वाचता येईल. आधी कोणाशी तरी बोलावे. भारतात ‘टेलि-मानस’ ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकांवर रात्रंदिवस उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. जिवाला तत्काळ धोका असेल तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावावा. अमेरिकेत ९८८, तर ब्रिटन व आयर्लंड येथे ‘समॅरिटन्स’ संस्थेचा ११६ १२३ हा क्रमांक आहे. घरात बंदूक किंवा अपाय करू शकणारी अन्य वस्तू असल्यास तिच्याजवळ एकटे न थांबता दुसऱ्या माणसाच्या सोबतीला जाऊन बसावे. शेजाऱ्याचे घर, गावचा पार, रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, कोणतीही जागा चालेल. काय झाले हे नीट सांगता आले नाही तरी हरकत नाही. ‘मला आज एकटे राहायचे नाही’ एवढे वाक्य पुरेसे असते.

संकटाचे स्वरूप

ज्याने मरायचे ठरवले आहे तो कसाही मरणारच, ही समजूत जगात सर्वत्र आढळते. साधनसुरक्षेची सर्व उपयुक्तता या समजुतीच्या खरेखोटेपणावर अवलंबून असल्याने तिची तपासणी अनेक अंगांनी झाली आहे, आणि ती बहुतांशी चुकीची ठरली आहे.

दुःख, कर्ज, आजार, अपमान किंवा नैराश्य यांचा काळ महिन्यांचा वा वर्षांचा असू शकतो. परंतु जीव देण्याच्या आवेगाचा शिखरबिंदू बहुधा अल्पकाळ टिकतो. ह्यूस्टन येथे १३ ते ३४ वर्षे वयाच्या, गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या १५३ जणांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निर्णय आणि कृती यांमध्ये पाच मिनिटांहूनही कमी वेळ गेल्याचे सुमारे एक चतुर्थांश व्यक्तींनी सांगितले. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ८२ रुग्णांच्या अभ्यासात जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या बाबतीत त्या विशिष्ट वेळच्या विचाराचा आरंभ आणि प्रत्यक्ष प्रयत्न यांत दहा मिनिटे किंवा त्याहूनही कमी अंतर होते. विचार पूर्वीपासून येत-जात असतात. परंतु ते अनावर होण्याचा काळ हा असा मिनिटांचा व तासांचा असतो. लाट ओसरेपर्यंत माणूस सुरक्षित राहिला तर पुढे उपचार, आधार व परिस्थितीतील बदल यांना वाव मिळतो.

दुसरा पुरावा वाचलेल्या माणसांच्या पुढील आयुष्याचा आहे. रिचर्ड सायडन या संशोधकाने १९७८ साली सान फ्रान्सिस्को येथील एका प्रसिद्ध पुलावरून परत फिरवल्या गेलेल्या ५१५ व्यक्तींचा माग काढला. (अशा ठिकाणांचे नाव घेणे टाळावे असा या विषयावरील लेखनाचा संकेत आहे व तो येथे पाळला आहे.) ही माणसे १९३७ ते १९७१ या काळात अडवली गेली होती. त्यांपैकी सुमारे ९४ टक्के लोक अभ्यासाच्या वेळी जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणांनी वारले होते. त्या पुलाला संरक्षक जाळी बसवण्याचे काम मात्र जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे अभ्यासानंतर पंचेचाळीस वर्षांनी. निरनिराळ्या देशांतील अशा पाठपुराव्यांचा एकत्रित आढावा २००२ साली घेण्यात आला. त्यातही प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी नऊहून अधिक व्यक्ती पुढे आत्महत्येने मरण पावत नाहीत, असेच दिसून आले. मागील प्रयत्न हे धोक्याचे चिन्ह आहेच. परंतु ती भविष्यवाणी नव्हे.

ब्रिटनमधील घरगुती वायूचे उदाहरण

एखादे साधन समाजातून नाहीसे झाले तर काय होते, हे पाहण्याची संधी ब्रिटनमध्ये कोणाच्याही योजनेवाचून मिळाली. तेथे पूर्वी स्वयंपाकासाठी व घर उबदार ठेवण्यासाठी कोळशापासून बनवलेला वायू घरोघर पुरवला जाई, आणि तो विषारी होता. १९६०च्या दशकात उत्पादनाच्या पद्धती बदलत गेल्या व नंतर उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू आला. बदलाचे कारण निव्वळ आर्थिक होते. मात्र इंग्लंड व वेल्समधील आत्महत्यांची वार्षिक संख्या १९६३ मधील ५,७१४ वरून १९७५ मध्ये ३,६९३ वर आली. एडिंबरा येथील मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन क्राइटमन यांनी १९७६ साली या घटनेचे विश्लेषण केले. या काळात देशात बेकारी वाढत होती, उपचारपद्धतींत क्रांतिकारक असे काही घडले नव्हते. तरीही एकूण मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. काही लोक दुसऱ्या साधनाकडे वळले असतील, परंतु बहुसंख्य वळले नाहीत.

बंदूक आणि अमेरिका

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंची चर्चा प्रामुख्याने खून व सामूहिक गोळीबार यांच्या संदर्भात होते. वस्तुस्थिती अशी की त्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २०२१ मध्ये तेथे बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या व २०,९५८ खून होते. त्याच वर्षी देशातील सर्व आत्महत्यांची संख्या ४८,१८३ होती, म्हणजे निम्म्याहून अधिक आत्महत्यांत साधन बंदूक हेच होते. वृद्ध पुरुष, माजी सैनिक आणि मोंटाना, वायोमिंग, अलास्का यांसारख्या विरळ वस्तीच्या राज्यांतील रहिवासी यांच्यात हे प्रमाण विशेष जास्त आढळते.

बंदूक बाळगणारे लोक अधिक दुःखी किंवा अधिक मनोरुग्ण असतात, असे नाही. ज्या राज्यांत घरोघरी बंदुका अधिक, तेथे आत्महत्यांचे प्रमाण अधिक दिसते. नैराश्याचे किंवा आत्महत्येच्या विचारांचे प्रमाण मात्र त्या मानाने वेगळे नसते. फरक पडतो तो आवेगाच्या क्षणी हाताशी काय आहे याचा. क्षणिक आवेग आणि कायमचा परिणाम यांमध्ये मन बदलण्यास किंवा कोणी धावून येण्यास वेळ मिळावा लागतो आणि हा वेळच येथे हिरावला जातो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात १९९२ साली आर्थर केलरमन व सहकाऱ्यांनी घरातील बंदूक आणि त्या घरातील आत्महत्येचा धोका यांचा संबंध दाखवला. त्याच नियतकालिकात २०२० साली आलेल्या अभ्यासाचा आवाका फार मोठा होता. कॅलिफोर्नियातील २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी त्यात बारा वर्षांपर्यंत तपासल्या गेल्या. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचा धोका न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट, तर स्त्रियांत सुमारे पस्तीसपट आढळला. स्वसंरक्षणार्थ घेतलेले शस्त्र घरातल्याच माणसाला धोक्याचे ठरावे, हा त्यातील कटू विरोधाभास होय.

धोका केवळ मालकाला नसतो. घरातील किशोरवयीन मुलास बंदूक कोठे आहे हे ठाऊक नाही, अशी आईवडिलांची समजूत अनेकदा खोटी ठरते. शस्त्र कुलपात ठेवणे, ते भरलेले न ठेवणे, काडतुसे वेगळ्या जागी ठेवणे आणि तीही कुलपात ठेवणे, या चारही सवयी मुलांच्या आत्महत्या व अपघात यांचा धोका कमी असण्याशी निगडित आहेत, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

सैन्यातील अनुभव

इस्रायलमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेतील तरुण आठवड्याच्या सुटीत घरी जाताना बंदूक सोबत नेत. २००६ साली सैन्याने नियम बदलून सुटीवर जाताना शस्त्र छावणीतच ठेवण्यास सांगितले. त्यानंतर १८ ते २१ वयोगटातील सैनिकांच्या आत्महत्यांत सुमारे ४० टक्के घट झाली. ही घट सुटीच्या दिवसांतली होती. कामाच्या दिवसांत लक्षणीय फरक पडला नाही, म्हणजे सुटीच्या दिवशी टळलेला मृत्यू पुढे सोमवारी-मंगळवारी घडला असेही झाले नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००३ च्या लष्करी सुधारणेने सैन्याची संख्या निम्म्यावर आली व घराघरांत ठेवलेल्या लष्करी बंदुका कमी झाल्या. त्यानंतर सेवेच्या वयातील पुरुषांमध्ये बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या घटल्या. सुमारे एक पंचमांश लोक अन्य साधनाकडे वळले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथील एप्रिल १९९६ च्या हत्याकांडानंतर सुमारे साडेसहा लाख शस्त्रे शासनाने विकत घेऊन नष्ट केली. त्यानंतर बंदुकीने होणारे मृत्यू घटले. मात्र ही घट आधीपासूनच चालू होती काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

बंदूकमालकांच्या सहकार्याने झालेले प्रयत्न

अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनादत्त अधिकार मानला जात असल्याने कायद्याच्या सक्तीला मर्यादा आहेत. ‘मदत मागितली तर बंदूक काढून घेतील’ या भीतीने अनेक माजी सैनिक डॉक्टरांकडे जात नाहीत, हीही खरी अडचण आहे. म्हणूनच तेथील सर्वांत लक्षणीय काम बंदूकमालकांना विरोधक न मानता सोबत घेऊन झाले आहे.

न्यू हॅम्पशर राज्यात २००९ साली एका आठवड्याहून कमी काळात, परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या तीन व्यक्तींनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि काही तासांतच त्यांनी जीव दिला. दुकानदारास याचा जबर धक्का बसला. त्यातून दुकानदार, नेमबाजी संघटनांचे लोक आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक एकत्र आले. संकटातील ग्राहक कसा ओळखावा, त्याला नकार कसा द्यावा, मदतीचा क्रमांक कसा पुढे करावा याची पत्रके त्यांनी तयार केली. राज्यातील जवळजवळ निम्म्या दुकानांत ही पत्रके लावलेली आढळली. बंदूक हाताळण्याचे जे दहा नियम तेथे शिकवले जातात, त्यांना त्यांनी अकरावा जोडला: घरातील कोणी निराशेच्या गर्तेत असेल तर तो सावरेपर्यंत शस्त्रे घराबाहेर ठेवावीत. मद्य घेतलेल्या मित्राकडून गाडीची किल्ली मागून घ्यावी, तसेच हे वर्तन मैत्रीचे समजले जावे, अशी त्यामागील कल्पना होती. हार्वर्ड विद्यापीठातील कॅथी बार्बर व मॅथ्यू मिलर यांच्या ‘मीन्स मॅटर’ या उपक्रमाने हा विचार देशभर नेला. कोलोराडो व वॉशिंग्टन या राज्यांत शस्त्रे तात्पुरती ठेवून घेणारी दुकाने व पोलीस ठाणी दाखवणारे नकाशेही तयार झाले.

कायद्याच्या बाजूने ‘अतिधोका संरक्षण आदेश’ ही तरतूद महत्त्वाची आहे. कुटुंबीय किंवा पोलीस यांच्या अर्जावरून न्यायालय एखाद्या व्यक्तीची शस्त्रे ठरावीक मुदतीसाठी काढून घेण्याचा आदेश देते. अर्ज करण्याचा अधिकार कोणाला, हे राज्यागणिक बदलते. कनेक्टिकट राज्याने १९९९ साली असा पहिला कायदा केला, इंडियानाने २००५ मध्ये केला, आणि २०१८ नंतर तो वीसहून अधिक राज्यांत पोहोचला. जेफ्री स्वॉन्सन व सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार अशा सुमारे दहा ते वीस आदेशांमागे एक आत्महत्या टळते. वॉशिंग्टन, व्हर्जिनिया व यूटा या राज्यांत तर ‘मला बंदूक विकू नका’ अशी नोंद स्वतःच स्वतःच्या नावे करून ठेवता येते. बऱ्या दिवसांत माणसाने आपल्या वाईट दिवसासाठी केलेली ही तरतूद होय.

सुरक्षा आराखडा

साधन दूर ठेवल्याने वेळ मिळतो. त्या वेळात काय करावे याचे उत्तर सुरक्षा आराखडा देतो. बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो विकसित केला. ‘मी जीव देणार नाही’ असे वचन लिहून घेण्याची जुनी पद्धत निरुपयोगी ठरल्याने तिच्या जागी हा आराखडा आला. वचनात माणूस एकटा बांधला जातो, आराखड्यात त्याला पुढची पायरी सांगितलेली असते.

एका कागदावर मावेल असा हा मजकूर संकटातील व्यक्तीने, शक्यतो समुपदेशकाच्या सोबतीने, आपल्याच शब्दांत लिहायचा असतो. प्रथम धोक्याची स्वतःची चिन्हे लिहावयाची: कोणते विचार, कोणता प्रहर, कोणते भांडण यानंतर मन घसरू लागते. त्यानंतर एकट्याने करता येण्याजोग्या गोष्टी येतात, जसे की चालायला जाणे, झाडांना पाणी घालणे, गार पाण्याने तोंड धुणे, आवडते भजन किंवा गाणे ऐकणे. तेवढ्याने भागले नाही तर जेथे माणसांत बसता येईल अशा जागा व व्यक्ती. येथे दुःख सांगण्याची अट नाही, वाचनालय किंवा चहाची टपरीही चालते. मग ज्यांच्यापाशी मन मोकळे करता येईल अशांची नावे व दूरध्वनी क्रमांक, पुढे डॉक्टर, समुपदेशक व मदत सेवांचे क्रमांक, आणि शेवटी घर सुरक्षित करण्याचे ठरलेले पाऊल: कोणती वस्तू, कोणाकडे, कधीपर्यंत. हा क्रम ओलांडण्याची मुभा असते. धोका मोठा वाटल्यास सरळ शेवटच्या क्रमांकांकडे जावे.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नऊ रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत १,६४० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आराखडा करून देऊन नंतर दूरध्वनीने विचारपूस केलेल्या रुग्णांत पुढील सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. त्यात कागदाचा वाटा किती आणि ‘कसे आहात?’ असे विचारणाऱ्या त्या दूरध्वनीचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

बोलणे आणि विचारणे

मराठीत या विषयावर सरळ बोलण्याची रीत नाही. घरात ‘त्याने जिवाचे काही बरेवाईट करून घेतले तर?’ असे आडवळणाने म्हटले जाते. संकटातील माणूसही आडवळणानेच बोलतो: ‘आता माझे काय राहिले आहे’, ‘एकदाचा सुटेन’, ‘माझा तुम्हाला भारच झाला आहे’, ‘मी नसलो तर मुलीच्या लग्नाचे बघा’. वडीलधाऱ्यांच्या तोंडी अशी वाक्ये सवयीचीही असतात, त्यामुळे ती दुर्लक्षिली जातात. परंतु त्यांच्या जोडीला झोप उडणे, माणसांत मिसळणे बंद होणे, व्यसन वाढणे, जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, कागदपत्रांची निरवानिरव करणे किंवा दीर्घ अस्वस्थतेनंतर एकाएकी शांत होणे असे बदल दिसले, तर त्यांना योगायोग समजू नये.

अशा वेळी ‘जीव द्यावा असे विचार मनात येतात का?’ हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. विचारल्याने असे विचार मनात भरवले जातात ही भीती निराधार आहे. अमेरिकेतील शाळकरी मुलांवर झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तसेच नंतरच्या आढाव्यांतही, प्रश्न विचारल्याने धोका वाढल्याचे आढळले नाही. उलट अनेकांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर होकारार्थी आले तर उपदेश, शपथ किंवा ‘मुलांचा तरी विचार कर’ अशी बोचणी नको. ऐकून घ्यावे, सोबत राहावे, आणि मग घरातील साधनांचा विषय काढावा. बंदुकीबाबत बोलताना सूर जप्तीचा नसावा. ‘तू बरा होईपर्यंत ती घरात नको, मग परत आणू’ या बोलण्यात मालकाचा मान राहतो व मुदतही स्पष्ट होते.

भारत व महाराष्ट्र

भारतात नागरी बंदुकांचे प्रमाण कमी असून एकूण आत्महत्यांत त्यांचा वाटा अत्यल्प आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मुभा राहिली. शस्त्र नियम, २०१६ नुसार अर्जदारास सुरक्षा प्रशिक्षण, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र आणि शारीरिक व मानसिक आरोग्याविषयी वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. तरीही सेवेत शस्त्र बाळगणारे पोलीस, निमलष्करी दलांचे जवान व सुरक्षारक्षक यांच्या बाबतीत प्रश्न गंभीर आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील ६५४ जवानांनी २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत आत्महत्या केल्याचे संसदेस सांगण्यात आले. घरापासूनचा दुरावा, रजेची अनिश्चितता व कौटुंबिक ताण ही त्यामागील कारणे वारंवार सांगितली जातात.

अमेरिकेतील ‘मित्राकडे बंदूक ठेवा’ हा सल्ला भारतात जसाच्या तसा पाळता येत नाही. विनापरवाना व्यक्तीने शस्त्र जवळ ठेवणे हा गुन्हा आहे. परवानाधारक कुटुंबीय संकटात असल्यास शस्त्र व काडतुसे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा करून पावती घ्यावी. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे, त्यामुळे गावात त्याची चर्चा होईल या संकोचाचेही फारसे कारण नाही. शस्त्र हाताळण्याची माहिती नसलेल्याने ते उचलू नये, पोलिसांस बोलवावे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील असून हा आकडा सर्व राज्यांत मोठा आहे. विदर्भ व मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांत साधनसुरक्षेचा प्रश्न हा शेतीच्या औषधांचा प्रश्न आहे. श्रीलंकेने १९९५ पासून टप्प्याटप्प्याने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. या काळात सुमारे ९३ हजार जीव वाचले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मात्र त्याच देशात १८० गावांतील घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटण्याचा प्रयोग झाला, तेव्हा त्याचा परिणाम दिसला नाही (निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले). किल्ली घरातच असते, हे त्याचे एक साधे स्पष्टीकरण संभवते. तमिळनाडूत चेन्नईच्या ‘स्नेहा’ संस्थेच्या संस्थापक डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी औषधे घरात न ठेवता गावातील सामायिक कोठारात ठेवण्याचा प्रयोग केला व तो लोकांना मान्य होतो असे दाखवले. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रातून फवारणीपुरतेच औषध घेणे व उरलेले घरात न साठवणे, एवढे तरी करता येण्याजोगे आहे. कर्ज, नापिकी व बाजारभाव यांवरील उपायांना हा पर्याय नव्हे. तसा तो मांडला गेल्यास शेतकऱ्यांच्या संघटनांनी घेतलेला आक्षेप रास्तच म्हणावा लागेल.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला शिक्षा न करता उपचार व पुनर्वसन पुरवण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेचे कलम ३०९ राहिलेले नाही. शासकीय सेवकास कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतीच शिक्षेची तरतूद उरली आहे. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने रुग्णास दवाखान्यात न नेण्याचे प्रकार अजूनही घडतात, म्हणून हा तपशील येथे दिला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत मृत्यूंत १० टक्के घट करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला टेलि-मानस सुरू झाली. महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालयांतील मानसिक आरोग्य विभागांखेरीज ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

अमेरिकेतील मराठी भाषकांसाठी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या किंवा शिक्षणासाठी गेलेल्या मराठी माणसास तेथील कायद्यांची व सेवांची माहिती असणे उपयोगी ठरते. ९८८ हा क्रमांक १६ जुलै २०२२ पासून देशभर लागू आहे. त्यावर दूरध्वनी किंवा लघुसंदेश करता येतो आणि दूरध्वनीवर इंग्रजीखेरीज अन्य भाषांसाठी दुभाष्याची सोय आहे. माजी सैनिकांनी त्यावर १ दाबावा. आपल्या घरी बंदूक नसली तरी मूल ज्या मित्राकडे मुक्कामास जाते त्या घरी ती आहे काय व कुलपात आहे काय, असे विचारणे तेथे अशिष्ट मानले जात नाही; बालरोगतज्ज्ञ तसे विचारण्याचा सल्लाच देतात. बंदूक तात्पुरती दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. काही राज्यांत त्यासाठी खरेदीप्रमाणेच पार्श्वभूमी तपासणी लागते, तर काहींत आत्महत्येचा धोका असल्यास त्यातून सूट आहे. म्हणून स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा शस्त्रविक्रेत्याकडे आधी चौकशी करावी.